येताना रिकामं यावं लागतं

स्वस्तात देश हिंडून आलेला माणूस आता प्रत्येक सोसायटीत एक तरी असतो. जनरलच्या डब्यातून तो कन्याकुमारी करून येतो, रात्रीची गाडी धरून लॉजचं भाडं वाचवतो आणि परतल्यावर लिफ्टमध्ये गाठून आपल्याला खर्चाचा आकडा ऐकवतो. आकडा खोटा नसतो. फक्त त्यात स्टेशनपासून घरापर्यंतची रिक्षा नसते. विचारलंच तर म्हणतो, "ते धरायचं नाही हो. बायकोला स्कूटर घेऊन बोलावलं होतं." पेट्रोल? तेही धरायचं नाही. बायको तर नाहीच नाही.

ज्यांना स्कूटर आणि बायको यांपैकी एकच किंवा दोन्ही नाहीत, त्यांनी काय करायचं? मुंबईत निदान मीटर आहे. १ फेब्रुवारी २०२५पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये. आमच्यासारख्या जिल्ह्याच्या गावात मीटर म्हणजे देव्हाऱ्यातला शंख. असतो, कुणी वाजवत नाही. आपण ठिकाण सांगतो. रिक्षावाला आधी आपल्या बॅगांकडे बघतो, मग आभाळाकडे, आणि म्हणतो, "दोनशे." तीन किलोमीटरला दोनशे कसे, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "येताना रिकामं यावं लागतं."

या वाक्यापुढे भलेभले गप्प होतात. मीही होत आलोय. पण जरा विचार करा. आमच्या आळीत माणसं राहतात, तीही अधूनमधून गाडी पकडायला निघतात, आणि निघताना त्यांनाही हाच रिक्षावाला सांगतो की स्टेशनवरनं रिकामं यावं लागतं. म्हणजे जाताना भरलेली रिक्षा दोन्ही बाजूंनी जाते आणि रिकामी रिक्षाही दोन्ही बाजूंनीच येते. मधल्या चौकात त्या एकमेकींना हॉर्न देत असाव्यात. बरं, रिकामं येणं हा खर्च धरायचाच, तर तो सगळ्यांनाच धरू द्या. पोस्टमन पत्र टाकून रिकामाच जातो. नवरदेवाची घोडी मांडवापाशी नवरदेव उतरवते आणि मोकळ्या पाठीने तबेल्यात परतते, तिने कधी तक्रार केलेली नाही. डॉक्टर तपासून जातात, वायरमन फ्यूज टाकून जातो. शववाहिकेच्या ड्रायव्हरने हे वाक्य उच्चारलं तर घरच्यांनी काय उत्तर द्यायचं? एकटा भटजी तेवढा रिकामा जात नाही, त्याच्या पिशवीत नारळ आणि तांदूळ असतात. वडापवाल्यालाही हा प्रश्न पडत नाही, कारण वडाप भरल्याशिवाय हलतच नाही. जीपमध्ये मागे दाटीवाटी, मधल्या सीटवर चौघं, पुढे तिघं. मग ड्रायव्हर स्वतः दरवाजाकडे सरकतो, अर्ध्या बुडावर बसतो आणि आपल्या डाव्या हाताला आणखी एक चढवतो. गियर टाकायच्या वेळी शेजारच्याने गुडघा बाजूला घ्यायचा, हे न सांगता कळतं. माणशी वीस रुपये. त्या गाडीत बसून एकदाही "रिकामं" हा शब्द माझ्या कानावर आलेला नाही.

पण रिक्षावाल्यावर किती वेळ चिडणार? त्याच्या डोक्यावर बँकेचा हप्ता आहे आणि पहाटे तो सीएनजीच्या रांगेत उभा असतो. स्टेशन एका टोकाला आणि स्टँड दुसऱ्या टोकाला त्याने बांधला नाही. रत्नागिरीचं स्टेशन गावाबाहेर आहे, सावंतवाडीचंही तसंच. नाशिकरोडला उतरलेल्या माणसाला नाशिक अजून नऊ-दहा किलोमीटर असतं. पणजीला तर स्टेशनच नाही, करमळीला किंवा थिवीला उतरायचं आणि पुढचं बघायचं. गोव्यात निदान पायलट मिळतो, पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवाला, मागे बसा, बॅग मांडीवर घ्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजीने मात्र काय करावं? २०२२पासून तिला एसटी फुकट. कुडाळला चढून ती पै न देता पुण्यात उतरते, चार जिल्हे मागे टाकते, आणि मुलाच्या घरापर्यंतच्या उरलेल्या चार किलोमीटरांत पदरच्या गाठीतली दोनशेची नोट जाते. चालत जाईल म्हणाल, तर फूटपाथ कुठाय? त्यावर डीपी आहे, टपरी आहे, नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फलक आहे, आणि जिथे काहीच नाही तिथे फरशी नाही. एवढ्या लांबचा प्रवास फुकट देणाऱ्या राज्याला दारापर्यंतचं शेवटचं अंतर दिसत नाही, हे मला पटत नाही. दिसतं. तिथे फीत कापायला काही नसतं, एवढंच.

आमच्या स्टेशनबाहेर प्रीपेड रिक्षाची खिडकी आहे. फलकावरचे दर उन्हाने पांढरे पडलेत. आतल्या गृहस्थांना पावती मागितली.

"पावती देतो, पण रिक्षावाले ती घेत नाहीत."

"मग ही खिडकी कशासाठी?"

"तक्रारीसाठी."

"मग तक्रारवही द्या."

"वही साहेबांकडे असते. साहेब गावातल्या ऑफिसात बसतात. रिक्षा करून जा, पण दीडशेच्या वर देऊ नका."