खोक्याचंही मत घ्या

ग्राफिक्स कार्ड घ्यायला निघालेला माणूस कार्डाची सगळी चौकशी करतो. मेमरी किती, पंखे किती, दिवे किती रंगांचे लागतात, सगळं त्याला तोंडपाठ असतं. ते कार्ड ज्या खोक्यात जन्म काढणार, त्याला मात्र कुणी काही विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की कार्ड चालणार की नाही, याचा निकाल कार्डाच्या हातात नसतो; तो जुन्या कॉम्प्युटरमधला सर्वांत दुबळा भाग देतो. ‘स्लॉटमध्ये बसलं की झालं’ असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं अर्धं बरोबरही आहे. पीसीआय एक्सप्रेस ही मोठी सोशीक जात. नवं कार्ड जुन्या स्लॉटमध्ये मुकाट चालतं, फार तर वेग थोडा घटतो. २०२२ सालच्या आरएक्स ६५०० एक्सटीला मुळात चारच लेन दिलेल्या, त्यामुळे जुन्या बोर्डावर त्याची घट डोळ्यांत भरते. पण तो अपवाद. सगळे ज्याच्यावर संशय घेतात, तो स्लॉट बहुधा निर्दोष सुटतो.

खरा आडवा येतो तो एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा डबा. स्लॉट स्वतःहून जास्तीत जास्त ७५ वॉट देतो, सहा पिनांची वायर आणखी ७५ आणि आठ पिनांची १५०. आरटीएक्स ३०५०चं ६ जीबीचं कार्ड ७० वॉटांत भागवतं, म्हणून ते सहसा वेगळी वायर मागत नाही. ४०६०ला ११५ वॉट लागतात आणि ५०९०ला ५७५. म्हणजे इस्त्री चालू ठेवून गेम खेळण्याचाच प्रकार. आता स्वस्त कॅबिनेटबरोबर आलेल्या एसएमपीएसचं लेबल जवळून वाचा. वर ठळक अक्षरांत ४५० वॉट. खाली बारीक अक्षरांत १२ व्होल्टचा रकाना, त्यात समजा १८ अँपिअर. गुणाकार केला की उरतात २१६ वॉट, आणि प्रोसेसर व कार्ड या दोघांचं पोट मुख्यतः त्यावरच भरायचं. बडा घर, पोकळ वासा! छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला तरी हे वेगळं सांगायला नको. पाणचक्की बांधणाऱ्यांनी डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून काही किलोमीटर आणलं, उंचावरून खाली सोडलं आणि त्या जोरावर जातं फिरवलं. आपण आधी जातं विकत आणतो आणि पाणी कुठून येणार, हे बसवायला आलेल्या पोराला विचारतो.

यावर कुणी म्हणेल, ही चिकित्सा दुकानदार करेल की! करेलही, पण तुमच्या टेबलाखालचं खोकं त्याला दिसत नाही. आत हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत २६० मिलिमीटर जागा आणि कार्ड ३०४ मिलिमीटरचं, हा तंटा टेपनेच मिटतो. ऑफिसातून निघालेला सेकंडहँड स्लिम डेस्कटॉप असेल तर उंचीही अर्धीच लागते आणि एसएमपीएस अनेकदा अशा घडणीचा, की बाजारातला दुसरा तिथे बसत नाही. मॉनिटर निळ्या व्हीजीए वायरीचा असेल तर वेगळा कन्व्हर्टर लागतो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो, त्यामुळे लाइट गेली की गेम आणि यूपीएस एकदमच संपतात. त्यात आपला मे महिना. बाहेर पारा चाळिशीपार असताना बंद खोक्यातल्या कार्डाकडून थंड डोक्याची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एवढं मोजत बसण्यापेक्षा नवा कॉम्प्युटरच का घेऊ नये? ऐपत असेल तर जरूर घ्यावा. पण मोजायला पैसे पडत नाहीत, आणि मोजल्यावर कधीकधी कळतं की कार्डाचीच गरज नव्हती. वाळूजच्या वर्कशॉपसाठी ऑटोकॅडमध्ये टू-डी ड्रॉइंग काढणाऱ्याचा भार मुख्यतः प्रोसेसरवर असतो. त्याने रॅम आणि एसएसडी घेतली तर काम जास्त पळेल. ज्याला कार्ड हवंच, त्याला बहुतेक वेळा मनातल्या कार्डापेक्षा एक पायरी खालचं मानवतं. नाहीतर कार्डामागून एसएमपीएस, एसएमपीएसमागून कॅबिनेट, कॅबिनेटमागून यूपीएस अशी वरात निघते आणि घोडं शेवटी येतं. आणि सगळं नीट जुळूनही गेम पूर्वीसारखाच अडखळत असेल, तर कार्ड परत करायला धावण्याआधी खोक्याच्या पाठीमागे वाकून पाहावं: मॉनिटरची वायर बहुधा अजून मदरबोर्डालाच चिकटलेली असते.