झोपेचा रकाना

आषाढी एकादशीला जळगावच्या पिंप्राळ्याचा रथ निघतो. तो माणसाच्या चालीने सरकतो, तरी चाकाला अडसर म्हणून मोगरी लावणारे डोळ्यांत तेल घालून असतात. 2023 साली ही एकादशी 29 जूनला होती. दोनच दिवसांनी, 1 जुलैच्या मध्यरात्रीनंतर, समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली. 25 प्रवासी गेले.

चालक म्हणाला, टायर फुटला. परिवहन खात्याच्या पाहणीत तशा खुणा सापडल्या नाहीत. संशय डुलकीकडे वळला. चालकाला अटक झाली. मग ‘महामार्ग संमोहना’ची चर्चा रंगली: रस्ता फारच सरळ, म्हणून झोप येते म्हणे! एवढे सरळ वागल्याबद्दल रस्त्याने माफी मागायचीच काय ती राहिली. पुढे अपघातस्थळी महामृत्युंजय जपही झाला.

कायद्याचा जप मात्र 1961 सालीच सुरू झाला. तेव्हाच्या कायद्यात मोटार वाहतूक कामगारांना दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 तास काम, लांब पल्ल्याला थोडी सूट आणि सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती.

ट्रॅव्हल्सच्या तिकिटावर प्रवाशाच्या झोपेची सोय तपशीलवार असते: बर्थ वरचा की खालचा, एसी की बिगर एसी. चालक आदल्या दिवशी किती झोपला, याला रकाना नाही. फेऱ्या आखणारा मालकही त्या वेळी घरीच झोपलेला असतो, त्यामुळे चौकशीत त्याचा जबाब निर्दोष ठरायला अडचण येत नाही.

आणि रात्री हायवेवर गाडी उशिरा आली, तर पिंप्राळ्याचा प्रवासी आधी विचारतो, “भाऊ, सकाळी टायमावर पोचवणार ना?”