भाडं फक्त परतीचं

'पाच लाख' हा आकडा सिल्लोड तालुक्यात आता मिरचीच्या भावाइतका तोंडपाठ झाला आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचं संरक्षण आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं होतं. जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं ते पाच लाख झालं, पिवळं, केशरी, पांढरं असं कुठलंही रेशनकार्ड चालेल असं ठरलं आणि उपचारांची यादी १३५६ वर गेली. उत्तमच. फक्त आपलं दुखणं यादीत बसतं का, हे योजनेच्या फलकावर नसतं. तिथे आकडा असतो आणि एक हसरं कुटुंब असतं. त्यांना काय झालंय ते कळत नाही, पण जे झालंय ते यादीत असावं. एरवी इतकं कोण हसतं?

योजनेतली एक तरतूद मात्र नीट वाचावी. रुग्णालयातून घरी जायला एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं मिळतं. सिल्लोडला रेल्वे नाही, म्हणजे एसटीच. पण घरून रुग्णालयात जायचं भाडं मिळत नाही. आजारी माणूस तरंगत जातो आणि बरा झाल्यावर त्याला तिकीट लागतं, असं वैद्यकशास्त्र यामागे असावं. कुणी म्हणेल, १०८ ची रुग्णवाहिका आहे की! आहे, पण ती तातडीच्या रुग्णासाठी. ठरवून करायच्या ऑपरेशनला फुलंब्रीमार्गे संभाजीनगर गाठायचं ते स्वतःच्या खिशातून. तिथे कागद दाखवायचे, पूर्वमंजुरीची वाट बघायची आणि 'हे यादीत नाही' असं उत्तर आलं, तर तो माणूस लाभार्थीच उरत नाही. मग परतीचं भाडंही गेलं. म्हणजे योजनेत काय बसत नाही हे समजून घ्यायला पासष्टेक किलोमीटर पदरमोड करून जायचं आणि समजलं की पदरमोड करूनच परत यायचं.

यावर दोन उत्तरं तयार असतात. पहिलं, यादी ऑनलाइन आहे. आहे ना, पण पोटात दुखणाऱ्यानं आपल्या ऑपरेशनचं इंग्रजी नाव आधी ठाऊक करून घ्यावं लागतं. दुसरं, रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. बसतो, पण तो भेटतो माणूस तिथवर पोचल्यावर, आणि अडचण पोचण्याआधीची आहे. उरला तिसरा, खरा आक्षेप : सगळंच फुकट कसं द्यायचं? कुणी मागितलंय? मर्यादा हव्यातच, पण त्या आधी सांगा. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, हे सांगा. भरती झाल्याशिवाय योजना लागू होत नाही, हे सांगा. खासगी दवाखान्यातली तपासणीची फी, रक्तदाबाच्या महिन्याच्या गोळ्या यात येत नाहीत, हेही सांगा. गोळ्यांवर भागत होतं तोवर खर्च तुमचा. त्या परवडेनात म्हणून बंद केल्या आणि माणूस आडवा पडला, की मग योजना त्याच्याकडे बघणार! याला आरोग्य योजना म्हणायचं की आडवं पडण्याचं बक्षीस? रेशन दुकानाच्या भिंतीवर कुणाला किती धान्य ते लिहिलेलं असतं. त्याच भिंतीवर पोट, हृदय, हाडं, डोळे अशी साध्या मराठीत उपचारांची यादी लावा आणि त्यापुढे कुठल्या रुग्णालयात काय होतं ते लिहा. त्यासाठी हसऱ्या कुटुंबाला थोडं सरकावं लागेल, एवढाच खर्च आहे.