हार्ड डिस्कला रीतसर निरोप देण्याविषयी

संगणकाला जोडलेली हार्ड डिस्क काढायला दोन बोटं पुरतात, आणि सगळा घोटाळा तिथेच आहे. केबल ओढली की निघते. तिला अडवणारी कडी नाही, खिट्टी नाही, कुलूप तर नाहीच. यूएसबीची रचना करणाऱ्यांनी ओढणाऱ्याचा स्वभाव आधीच ओळखलेला दिसतो. नेहमीच्या चपट्या प्लगमध्ये विजेच्या पट्ट्या लांब आणि डेटाच्या पट्ट्या आखूड असतात, त्यामुळे ओढताना आधी संभाषण तुटतं आणि मग वीज जाते. इतकी काळजी घेऊनही मार्गदर्शनाची गरज उरते, कारण चाळीस मिनिटं लग्नाचा व्हिडिओ कॉपी होत असताना शांत बसलेला सज्जन शेवटचे आठ सेकंद थांबत नाही. त्याच्या मते काम झालेलं असतं, संगणकानेच तसं सांगितलेलं असतं. प्रस्तुत मार्गदर्शिकेचं म्हणणं असं की ‘कॉपी झाली’ हे संगणकाचं विधान स्वतःपुरतं असतं, डिस्कबद्दल नसतं. डिस्कबद्दल त्याच्याकडून खरं वदवून घेण्याचा सनदशीर मार्ग म्हणजे इजेक्ट.

हे समजायला आपल्याकडचे पाहुणे आठवावेत. ‘निघतो आता’ म्हणून पाहुणे सोफ्यावरून उठतात आणि पुढचा अर्धा तास एक पाय चपलेत घालून दारात बोलत उभे राहतात. महत्त्वाचं बोलणं तर तिथेच होतं. संगणकातही फाइल आधी मेमरीत येते, तिथून सवडीने डिस्कवर उतरते. मेमरी चपळ, फिरती डिस्क मंद, म्हणून डिस्कसाठी ताटकळत बसण्यापेक्षा ‘झालं’ म्हणून मोकळं होणं संगणकाला सोयीचं वाटतं. लिनक्समध्ये असा न उतरलेला मजकूर मूळ सेटिंगनुसार सुमारे ३० सेकंद मेमरीत रेंगाळू शकतो, मोठ्या फाइली संथ पेन ड्राइव्हवर टाकल्या तर त्याहूनही जास्त. कॉपीची पट्टी शंभर टक्क्यांवर पोहोचते, मग इजेक्ट केलं की दोन-दोन मिनिटं काहीच हलत नाही, आणि माणूस इजेक्टला शिव्या घालतो. वास्तविक त्या दोन मिनिटांत इजेक्ट पट्टीने आधीच मारलेल्या थापेची भरपाई करत असतं.

यावर पहिला आक्षेप अनुभवी मंडळींचा: आम्ही वर्षानुवर्षं नुसती ओढून काढतो, काही झालं नाही. यातलं ‘काही झालं नाही’ कोणी तपासलेलं असतं? अर्धवट लिहिलेली फाइल आरडाओरडा करत नाही. ती फोल्डरमध्ये आपल्या नावासकट, तारखेसकट नांदते आणि उघडायला जाल त्या दिवशी उघडत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टनेच बाहेरच्या डिस्कसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हे मूळ धोरण ठरवलं, म्हणजे लिहिणं साठवून ठेवायचं नाही, थेट डिस्कवर उतरवायचं. हे खरं आहे आणि चांगलंही आहे. पण धोरण बदललं म्हणून चालू असलेलं लिखाण हवेत पूर्ण होत नाही. कॉपी संपली तरी एखादा प्रोग्रॅम त्याच डिस्कवर काही जतन करत असू शकतो. वेगाच्या हौसेने कोणी ‘बेटर परफॉर्मन्स’ निवडलं असेल तर मजकूर मेमरीत साठवून ठेवण्याचा जुना नियम जसाच्या तसा लागू होतो. शिवाय ही डिस्क उद्या अल्बमवाल्याच्या मॅकला लागणार असते, आणि विंडोजमधली सवलत मॅकला बांधील नाही.

मॅकवर आणि विंडोजवर दोन्हीकडे लिहिता यावं म्हणून अशा डिस्क बहुधा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या असतात. एक्सफॅटमध्ये केलेल्या बदलांची रोजनिशी ठेवली जात नाही. एनटीएफएसमध्ये ठेवली जाते, पण तीसुद्धा कोणती फाइल कुठे आहे या हिशेबाची. फाइलीतल्या मजकुराची हमी ती देत नाही. हिशेब लिहिता लिहिता केबल निघाली, तर पुढच्या वेळी संगणक अत्यंत नम्रपणे विचारतो, डिस्क फॉरमॅट करायची का? या प्रश्नाला कोणत्याही परिस्थितीत ‘हो’ म्हणू नये. नम्रतेला भुलून हो म्हणणारेच जास्त नुकसान करून घेतात.

आता प्रत्यक्ष विधी. विंडोजमध्ये टास्कबारच्या उजव्या टोकाला, बहुतेकदा छोट्या बाणामागे दडलेलं डिस्क काढण्याचं चिन्ह शोधावं, डिस्कचं नाव निवडावं आणि ‘आता काढू शकता’ असा संदेश येईपर्यंत केबलकडे पाहूही नये. मॅकवर डिस्कचं चित्र ओढून कचऱ्याच्या टोपलीवर नेण्याची जुनी प्रथा आहे. डिस्क वाचवण्यासाठी ती कचऱ्यात टाकायची ही कल्पना नवख्याला घाबरवते, म्हणून आता ओढताना टोपलीचं रूपांतर इजेक्टच्या चिन्हात होतं. इथवर सोपं आहे. खरी कसोटी लागते ती ‘डिस्क वापरात आहे’ हा संदेश आल्यावर. सगळं बंद केलंय, मग वापरतंय कोण? बहुतेक जण इथे हार मानून केबल ओढतात. वास्तविक पट्टी खोटं बोलत होती, हा संदेश खरं बोलतोय. फक्त चहाडी नको म्हणून नाव सांगत नाही. संशयितांची यादी लांब नसते. त्या डिस्कवरची फाइल उघडून विसरलेलं वर्ड, व्हायरस शोधत फिरणारा अँटीव्हायरस, मॅकवर शोधसूची बनवत बसलेलं स्पॉटलाइट. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नेल-पीएनपी’ची २२५ क्रमांकाची नोंद पाहिली तर अडवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव तिथे लिहिलेलं सापडतं. एवढी चौकशी करणारा माणूस सोसायटीच्या सेक्रेटरीपदाला लायक समजावा.

‘आता काढू शकता’ हा संदेश मिळाला तरी डिस्क लगेच उचलून पिशवीत कोंबू नये. खिशात मावणाऱ्या डिस्कमधली तबकडी बऱ्याचदा मिनिटाला ५,४०० फेऱ्या मारत असते आणि वाचणारं टोक तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. वीज अचानक गेली तर फिरत्या तबकडीच्याच उरलेल्या जोरावर ते टोक जागेवर परतेल अशी सोय असते, पण ती आणीबाणीसाठी आहे, रोजच्या वापरासाठी नाही. अशा प्रत्येक घाईच्या परतीची नोंद अनेक डिस्क स्वतःच ठेवतात. केबल काढल्यावरही तबकडी थांबायला काही सेकंद लागतात, तेवढा वेळ डिस्क टेबलावरच असू द्यावी.

आणि सगळे संशयित बंद करूनही ‘डिस्क वापरात आहे’ हाच संदेश येत राहिला, तर संगणक पूर्ण बंद करावा. लॅपटॉपचं झाकण मिटणं म्हणजे बंद करणं नव्हे, ती नुसती झोप. शट डाउन केल्यावर ‘अपडेट सुरू आहे, संगणक बंद करू नका’ असं निळ्या पडद्यावर उमटलं, तर चहा टाकावा आणि दिवा विझेपर्यंत केबलला हात लावू नये.