अपडाऊनचे प्राध्यापक

वरोऱ्यात प्राध्यापक दोन प्रकारचे. राहणारे आणि येणारे. राहणाऱ्यांना भाजीबाजारात कुणीतरी थांबवून पोरीच्या अॅडमिशनचं विचारतं, म्हणून ते वांगी घासाघीस न करता घेतात. येणारे नागपूरहून येतात, शंभरेक किलोमीटर. ते गावाला दिसतात आनंदवन चौकात नाहीतर स्टेशनवर, खांद्याला बॅग, हातात डबा, नजर घड्याळावर. गावाचं मत ठाम आहे : "सरचं काय जी, दोन तास घेतले का मोकळे." सरांचे चार तास प्रवासात गेले, हे गावाच्या हिशेबात बसत नाही.

ते यूजीसीच्या हिशेबातही बसत नाही. नियमानुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला सोळा तास शिकवावं आणि रोज किमान पाच तास महाविद्यालयात असावं. गाडी चिकणी रोडला उभी राहिली तर ते तास कुठे धरायचे, यावर आयोग गप्प आहे.

पण नागपूर सोडवत नाही. पोरांची शाळा, घरातल्या दुसऱ्या माणसाची नोकरी, म्हाताऱ्यांचे दवाखाने. पूर्वी याहून भारदस्त कारण होतं : विद्यापीठ. 1923 साली स्थापन झालेलं नागपूर विद्यापीठ म्हणजे पेपर तपासणी, अभ्यासमंडळ, पीएचडीचे मार्गदर्शक, सगळं तिथेच. विद्यापीठाच्या गावात घर असावं म्हणून लोकांनी प्लॉट घेतले, हप्ते भरत आणले. आणि 27 सप्टेंबर 2011 रोजी चंद्रपूर-गडचिरोलीच्या महाविद्यालयांसाठी गोंडवाना विद्यापीठ निघालं, ते गडचिरोलीला. घर उत्तरेला, विद्यापीठ पूर्वेला, नोकरी मधे. बैठक असली की नागपूरचे सर आधी वरोऱ्याला येतात, मग चंद्रपूर, मूल, सावली करत पुढे सव्वाशेच्या आसपास किलोमीटर. कुरकुर चालते. मला ती फारशी पटत नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याचा पोरगा एका मार्कशीटसाठी नागपूर गाठायचा, तेव्हा ही मंडळी त्याला 'उद्या या' सांगणाऱ्या खिडकीच्या आतल्या बाजूची होती.

येणाऱ्यांची खरी स्टाफरूम गाडीत भरते. जागा ठरलेल्या. इतिहासाचे सर खिडकीशी, कारण त्यांना झोप लागते. वाणिज्यचे सर आयकराच्या सीझनमध्ये भलतेच लोकप्रिय. तासिका तत्त्वावरचा तरुण मात्र उभा, त्याला 'बस ना रे' म्हणत सगळे आणखी पसरून बसतात. नॅकचं मूल्यांकन जवळ आलं की हिंगणघाट ते वरोरा मांडीवर लॅपटॉप, आणि पाच वर्षांपूर्वीच्या वृक्षारोपणाचा फोटो कुणाकडे आहे याची शोधाशोध. एरवी चर्चेचा विषय एकच : कॅसची, म्हणजे बढतीची, फाइल कुठे अडकली.

मॅडम लोकांचं वेगळं. त्या पाचला उठून दोन डबे भरतात, तिसरा झाकून ठेवतात, आणि बसमध्ये बुटीबोरीपर्यंत फोनवरून घर चालवतात. "कुकर बंद केला का? दूध आत ठेवलं का?" मग जांबला चहा घेताना पहिल्यांदा आठवतं की आज बी.ए. दुसऱ्या वर्षाला काय शिकवायचं आहे. मला विचाराल तर प्राध्यापकांच्या कामाचं मोजमाप करणाऱ्या समितीने आधी या बसमध्ये बसावं.

राहणाऱ्यांचा विषय काढला की आनंदवन, कुष्ठरुग्णांची वसाहत, येतंच. बाबा आमट्यांनी 1964 मध्ये तिथे आनंद निकेतन महाविद्यालय सुरू केलं. ज्यांच्या सावलीलाही गाव घाबरत होतं, त्या कुष्ठमुक्त हातांनी ते बांधलं, आणि शिकायला गेली ती त्याच गावाची पोरं. त्या भिंतींआड समाजशास्त्र शिकवणाऱ्याला उदाहरणासाठी पुस्तक उघडावं लागत नाही. तिथल्या विषयाची गोडी लागलेला एखादा येणारा वर्षभराने इथेच खोली करतो आणि पहिल्याच आठवड्यात वांग्यांचा भाव विचारणं सोडतो.

बाकीचे साठाव्या वर्षी निवृत्त होतात. शाल, श्रीफळ, दोन भाषणं, आणि नागपूरच्या घरी पहिल्यांदाच दिवसभर मुक्काम. मग ते डब्यांची उतरंड लावतात, मोलकरणीला वेळापत्रक देतात, फ्रिजमधल्या कोथिंबिरीची हजेरी घेतात. अशाच एका सरांच्या बाई पंधराव्या दिवशी म्हणाल्या, "तुम्ही सकाळी जांबपर्यंत तरी जाऊन येत जा ना."

सर म्हणाले, "पास संपला."