सेन्सरदादा

चारोटी ते आच्छाड या पट्ट्यात हायवेवर ट्रक कुठेही कडेला लावा, थोड्याच वेळात एक माणूस कमरेवर हात ठेवून शेजारी येऊन उभा राहतो. तो केबिन उचलत नाही, खाली वाकत नाही, हाताला काळं लावून घेत नाही. डॅशबोर्डवरच्या पिवळ्या दिव्याकडे एक नजर टाकतो आणि म्हणतो, "सेन्सर गेला."

तलासरी नाक्यावर या वाणाचा जो अस्सल नमुना बसतो, त्याला सगळे सेन्सरदादा म्हणतात. दादांचं गॅरेज नाही. बॅटरीच्या दुकानासमोर प्लास्टिकची एक खुर्ची आहे, तिचा एक पाय तारेने बांधलेला. गाडी खुर्चीपाशी येते, खुर्ची गाडीपाशी जात नाही. पावसाळ्यात खुर्ची दुकानाच्या पत्र्याखाली सरकते, तेवढाच काय तो दादांचा वर्षातला प्रवास.

दादा मुळात सेल्फ-डायनामोचं काम करत आणि चांगलं करत. पण तेव्हा त्यांना भाव नव्हता. तेव्हा मान होता उस्तादांना. उस्ताद लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवत, मूठ कानाला लावत आणि डोळे मिटून सांगत, तीन नंबरचा नोझल. धूर काळा की पांढरा, त्यावर ट्रकचं अर्धं दुखणं कळायचं. या दरबारात वायरमनला कोण विचारणार? हेडलाइट लागत नसेल तरच दादांना हाक.

मग २९ मार्च २०१७ रोजी सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की १ एप्रिलपासून देशात धुराच्या जुन्या नियमांतल्या, म्हणजे बीएस-थ्री गाड्या विकायच्या नाहीत. नव्या ट्रकांच्या पोटात कॉम्प्युटर आला, अंगभर सेन्सर आले आणि मीटरमध्ये तो पिवळा दिवा आला. त्या निकालाने देशाची हवा किती सुधारली ते जाणकार सांगतील, दादांचे दिवस मात्र नक्की सुधारले. दिव्यावरचं चित्र इंजिनाचं आहे असं कंपनीचं म्हणणं. आमच्याकडचे ड्रायव्हर त्याला कासव म्हणतात, आणि ते कासव एकदा मीटरमध्ये येऊन बसलं की हलत नाही.

दादांचं निदान चार भाषांत चालतं. पंजाबी ड्रायव्हरशी हिंदी, वापीच्या शेठशी गुजराती, क्लीनर पोरांशी वारली, आणि आरटीओचा माणूस दिसला तर एकदम शाळेतलं मराठी. भाषा बदलते, सेन्सर बदलत नाही. निदानाला पुरावा लागलाच तर सरहद्द जवळ आहे. गुजरातेत डिझेल स्वस्त पडायचं, त्या सवयीने इथली झाडून सगळी मंडळी टाकी अजून भिलाडच्या बाजूला भरतात. दादा विचारतात, "डिझेल कुठलं?" "भिलाडचं." दादा मान हलवतात, म्हणजे सेन्सर तिकडच्या डिझेलने गेला. तीच गाडी भिलाडला दाखवली, तर तिथला यांचा भाऊबंद म्हणतो की महाराष्ट्रातल्या खड्ड्यांनी गेला. सेन्सर गेला यावर दोन्ही राज्यांचं एकमत आहे. बाकी कशावर झालंय म्हणा!

दादांकडे स्कॅनर आहे. पहिला स्कॅनर त्यांनी ऑनलाइन मागवला होता, आगपेटीएवढा, मोबाइलला जोडायचा. तो बारा व्होल्टच्या छोट्या गाड्यांसाठीचा. दादांनी तो चोवीस व्होल्टच्या ट्रकला लावला आणि त्यातून जो धूर निघाला, त्याचं निदान करायला उस्तादांची गरज पडली नाही. आत्ताचा स्कॅनर मोठा आहे, रबरी कव्हराचा. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार असतो, कुंकू असतं. कुंकवाचे कण स्क्रीनच्या कडेला वर्षभर राहतात. बटण दाबताना दादा तोंडाने काहीतरी पुटपुटतात. क्लीनर पोरांना तो मंत्र वाटतो. मला वाटतं, ते इंग्रजी जुळवून वाचत असावेत.

न्यायाने वागायचं तर हेही सांगितलं पाहिजे की एका बाबतीत दादांनी कित्येकांना वाचवलंय. नव्या बीएस-सिक्स गाड्यांत सायलेन्सरच्या धुरावर मारायला युरियाचं पाणी लागतं, त्यात शुद्ध युरिया साडेबत्तीस टक्के. आमचा भाग शेतीचा, घरात युरियाची गोणी असतेच. ती बादलीत कालवून टाकीत ओतायची कल्पना इथे दर महिन्याला कुणाला तरी नव्याने सुचते. शेतीच्या युरियाला २०१५ पासून सरसकट निंबाच्या तेलाचं लेपन असतं. ते आत गेलं की नोझल, पंप, सगळ्याचं वाटोळं. अशा वेळी दादा खुर्चीतून चक्क उभे राहतात आणि ओरडतात, "अरे, भाताला घाल ते!"

गवतवाल्या शेठची गाडी दादांकडे आली, ती दिवाळीनंतर. शेठची गाडी बीएस-फोर, जुनी, चारही बाजूंनी पोचे आलेली. डहाणू-तलासरीचं गवत दाबून गाठी करून मुंबईच्या तबेल्यांकडे जातं, हा धंदा इथे फार जुना. गाडी गाठी भरून निघाली की दापचरी, चारोटीपर्यंत शहाण्यासारखी जायची. मेंढवण खिंडीचा चढ लागला की ओढ जायची, मागे काळा धूर, मीटरमध्ये कासव. ड्रायव्हर ती रखडत रखडत मुंबईला न्यायचा, माल उतरवायचा आणि खाली गाडी तलासरीला आणून खुर्चीसमोर उभी करायचा.

"दादा, खाली असली की काय नाय होत. भरल्यावर चढाला लाईट लागते," ड्रायव्हर म्हणाला.

एवढ्या वाक्यात सगळं निदान होतं. पण ड्रायव्हरचं ऐकून निदान करायचं, तर स्कॅनर कशाला घेतला? दादांनी कपलर लावला. पी ०२९९. या कोडचा अर्थ इतकाच, की टर्बोकडून हवेचा जेवढा दाब यायला हवा होता तेवढा आला नाही. का आला नाही, हे कोड सांगत नाही. फिल्टर चोंदलेला असेल, टर्बो थकला असेल, पाइप फाटला असेल. आणि शंभरात एखाद्या वेळी दाब मोजणारा सेन्सरही खोटं बोलत असेल. दादा या यादीच्या शेवटापासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात.

सेन्सर नवा आला. दादांनी कोड उडवला, दिवा विझला, शेठने पैसे दिले, चहा झाला. दिवा मेंढवणपर्यंत विझलेला राहिला.

यात दादांची लबाडी नव्हती, हे मुद्दाम सांगतो. त्यांच्यासमोर दिवा खरोखर विझत होता. गाडी खाली, इंजिन आयडलला, नाक्यावर जमीन सपाट. तिथे टर्बोला कुणी काही मागतच नाही, मग कमी काय पडणार? दादांनी बरी केलेली प्रत्येक गाडी त्यांनी बरी झालेलीच पाहिली. पुढच्या फेरीनंतर शेठ परत आला तेव्हा दादांना मनापासून वाईट वाटलं. "डुप्लिकेट लागला असणार," ते म्हणाले आणि ओरिजिनल मागवला. त्यानंतर हवा मोजणारा दुसरा सेन्सर. त्यानंतर रात्रभर बॅटरीची वायर काढून ठेवली, कॉम्प्युटरला झोप मिळावी म्हणून. दर वेळी ड्रायव्हर बाजूला उभा राहून तेच सांगत होता. "दादा, भरल्यावर." शेवटी शेठच त्याच्यावर खेकसला, "अरे, तुला कळतं की मशीनला?"

अखेर चारोटीजवळच्या एका म्हाताऱ्या उस्तादांकडे गाडी गेली, तीसुद्धा शेठची उधारी दादांकडे फार झाली म्हणून. उस्तादांनी आधी एअर फिल्टर उघडला. आतून एका म्हशीचा नाश्ता निघाला. गाठी भरताना उडणारा भुसा महिनोन्महिने तिथे जमत होता. फिल्टर बदलला, धूर कमी झाला, पण ओढ काही पुरती आली नाही. तेव्हा उस्ताद म्हणाले, "भरून आण."

शेठला हे विचित्र वाटलं. दुरुस्तीला गाडी भरून कोण नेतं? पण नेली. उस्ताद क्लीनरच्या जागेवर बसले, खिडकीची काच खाली केली आणि मेंढवणच्या चढाला डोळे मिटले. खालच्या गिअरला इंजिन कण्हायला लागलं, तशी त्यात एक बारीक फुसफूस मिसळली. उस्तादांनी गाडी कडेला घ्यायला लावली. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणारा रबरी होज क्लॅम्पच्या खाली, मागच्या अंगाने चिरला होता. चीर इतकी बारीक, की इंजिन थंड असताना मिटलेली. दाब आला की उघडायची, हवा बाहेर, दाब गेला की पुन्हा मिटायची. एक होज आणि दोन क्लॅम्प लागले. कासव गेलं. ड्रायव्हर काही बोलला नाही, फक्त शेठकडे बघून पान थुंकला.

परत येताना शेठने गाडी मुद्दाम नाक्यावर थांबवली. फाटका होज हातात घेऊन तो खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला. चार माणसं जमली. मीही जमलो. बॅटरीवाला दुकानातून बाहेर आला. दादांनी होज घेतला, वाकवला, चिरेतून पलीकडचा हायवे पाहिला आणि शांतपणे परत दिला.

"होज फाटलेला," दादा म्हणाले. "बरोबर हाय. पण शेठ, होज फाटलाय हे गाडीला कळलं कशानं?"

शेठ गप्प.

"सेन्सरनं. आणि तो सेन्सर बसवला कोणी? त्याचे पैसे बाकी हायेत."