बूटभाऊ

नागपूर-अमरावती हायवेवर आर्वीचा फाटा लागला की तळेगाव (श्यामजी पंत). इथल्या टपरीवर कुणी नुसतं ‘कंपुटर हँग होते’ म्हटलं, की तर्रीपोह्याची प्लेट तशीच ठेवून एक गृहस्थ उठतात. आम्ही त्यांना बूटभाऊ म्हणतो. पायात मात्र बारमाही स्लिपर.

त्यांच्या गाडीच्या किल्लीला तांब्याच्या तारेनं पक्का बांधलेला सोळा जीबीचा पेनड्राइव्ह असतो. त्यावर दवाखान्यातली चिकटपट्टी आणि पट्टीवर बॉलपेननं लिहिलेलं ‘चालू’. आत अख्खी उबंटू ऑपरेटिंग सिस्टीम. 2005 पासून काही वर्षं उबंटूच्या सीड्या पोस्टानं घरपोच फुकट यायच्या, तेव्हापासूनचं हे वेड. मशीनच्या पोटातल्या कशावरही भाऊंचा भरवसा नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते खिशातून स्वतःची मिरची काढतात.

“कंपुटर उठला का पयले इचारते, कोनाच्या भरोशावर चालू होऊ? त्याले सांगा लागते, बावा, आज घरच्या डिस्ककडं नोको जाऊ, पाव्हण्याकडं जा.” हे सांगण्याचं बटण कुठं एफ-बारा, कुठं एफ-नऊ, कुठं एस्केप. भाऊ विचारत बसत नाहीत. पेटी वाजवावी तशी सगळी ओळ वाजवतात.

14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10 चा आधार काढून घेतला आणि अकराला टीपीएम 2.0 ची चिप हवी. त्यामुळे जुन्या लॅपटॉपवाल्यांच्या घरी भाऊंचा संत्र्यासारखा बहार आला. पण पेनड्राइव्ह बूटेबल करताना आधी तो कोरा होतो. पडद्यावर तशी सूचनाही येते. ती वाचणं भाऊंना कमीपणाचं वाटतं. माझ्या भाचीच्या बारशाचे सगळे फोटो असेच उबंटूला अर्पण झाले.

तरी परवा माझ्या लॅपटॉपची डिस्क टकटक करू लागली तेव्हा मी त्यांनाच बोलावलं. “मेली नाई, कोम्यात आहे,” म्हणत त्यांनी पेनड्राइव्ह खुपसला. दोन मिनिटांत पडदा उजळला आणि माझ्या फायली दिसल्या. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. भाऊंनी त्या दुसऱ्या डिस्कवर उतरवायला लावल्या. पडद्यावर आकडा आला : सहा तास बाकी.

भाऊ निघायला उठले आणि थबकले. लॅपटॉपच्या कडेला त्यांच्या गाडीची किल्ली लोंबकळत होती. पेनड्राइव्ह उपसला तर चालू उबंटू जागीच गोठणार. तार सोडवायला गेलो तर म्हणाले, “हात नोका लावू जी, धक्का लागंन.”

मग चहा झाला, जेवण झालं, सतरंजी पडली. रात्री साडेनवाला त्यांच्या मुलाचा फोन आला. परीक्षेचा फॉर्म भरायचा होता आणि घरचा कंपुटर नुसता काळा पडदा दाखवून बूट डिव्हाइस मागत होता. घरच्या मशीनमधली डिस्क भाऊंनी दोन वर्षांपूर्वीच काढून टाकली होती.

“साडेतीन तास थांब,” भाऊ म्हणाले आणि कूस बदलली.